अकरा पावलं

सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे आवाज चित्रीकरणात नीट मिळत नाहीत. ते नंतर कोणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, चालून द्यावे लागतात. आमच्या स्टुडिओत ते काम तीस वर्षं मी आणि माझा मेहुणा करत होतो. खोलीच्या जमिनीत चौकोन पाडलेले होते: एकात वाळू, एकात लाकूड, एकात सिमेंट, एकात संगमरवर. भिंतीला बुटांचं कपाट. पिस्तुलाचा खटका आम्ही दाराच्या जुन्या कडीतून काढायचो आणि मारेकऱ्यांच्या लांब कोटांची सळसळ फाटक्या छत्रीच्या कापडातून.

मेहुण्याला सगळे टाच म्हणत. चालणारा माणूस श्रीमंत आहे की घाबरलेला, हे तो नुसत्या टाचेच्या आवाजातून दाखवायचा. मला टोपणनाव नव्हतं. मी तसा लक्षात राहणारा माणूस नाही. कामाच्या मधल्या वेळेत मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसे आणि टाच मला म्हणे, "जावईबापू, ती माणसं मारतात, बूट आपले झिजतात, आणि तुम्ही वाचता काय, तर कविता."

दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा कान गेला आणि मग उजवाही विझत चालला. ही गोष्ट त्याने फक्त मला सांगितली. बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कळू द्यायची नाही अशी शपथ घातली. समोर बसून बोललं तर ओठांवरून त्याला सगळं समजायचं. कामात तो माझा खांदा बघायचा. मी चाललो की माझ्या खांद्याच्या तालावर तो चालायचा आणि मी थांबलो की थांबायचा. हेडफोन तो नुसताच डोक्यावर चढवायचा. कोणाला शंका आली नाही.

मग तो दोन मारेकऱ्यांचा सिनेमा आला. थोरला आणि धाकटा. काळे कोट, मोजकं बोलणं, एकमेकांसाठी मरायची तयारी. शेवटी मालक धाकट्याला थोरल्याचाच काटा काढायला सांगतो. रिकाम्या हॉटेलच्या लांबलचक मार्गिकेतून दोघं शेजारी शेजारी चालत जातात. तीन मिनिटं संगीत नाही, संवाद नाही, फक्त संगमरवरावर चार बूट. थोरल्याची पावलं टाचची, धाकट्याची माझी, हे ठरलेलंच होतं.

टाच खूश होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपली पावलं संगीताखाली पुरली नाहीत, असं तो म्हणाला. त्या दिवशी त्याने माझा हात धरला. "एवढा सिनेमा पार पडू दे. मग मी स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि घरी बसतो. तोवर मला सांभाळ." मी हो म्हणालो.

रेकॉर्डिंगच्या सकाळी दिग्दर्शकाने काचेपलीकडून हेडफोनवर समजावलं. चालता चालता धाकटा थांबतो. पडद्यावर फक्त त्याचा चेहरा आहे. थोरला दिसत नाही, पण त्याची पावलं पुढे जात राहतात, अकरा, एकसारखी. मागचा थांबलाय हे त्याला कळलंय आणि तरी तो वळत नाही. सगळा सिनेमा त्या अकरा पावलांत आहे, असं दिग्दर्शक म्हणाला. टाचने काचेकडे बघून मान डोलावली. त्याला एक अक्षर ऐकू गेलेलं नव्हतं, आणि दिग्दर्शकाचे ओठ माइकमागे झाकलेले होते.

आम्ही चाललो. धाकटा थांबला तिथे मी थांबलो, आणि माझा खांदा थांबला म्हणून टाचही थांबला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी त्याच्यासमोर उभा राहून दोन वाक्यं सावकाश बोललो असतो तर काम झालं असतं. पण काचेमागून दिग्दर्शक आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई आमच्याकडे बघत होत्या. चार डोळे माझ्यावर असताना मी उभ्या आयुष्यात काही धडपणे केलेलं नाही. आणि तोंडासमोर तोंड नेऊन बोललो तर गुपित फुटेल, असंही मी मनाला पटवलं. मी नुसतं बोट वर करून त्याला पुन्हा चालायची खूण करत राहिलो. सात वेळा तो माझ्याबरोबर निघाला आणि सातही वेळा माझ्याबरोबर थांबला.

मग बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. त्यांना झालंय काय, असं विचारलं. त्याचे कान गेलेत, हे मी सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. सिनेमाच्या श्रेययादीत त्यांचं नाव राहू दे, म्हणाल्या, पावलं तुम्ही भरा, त्यांना कळायचं काही कारणच नाही.

बाहेर येऊन मी टाचला अंगठा दाखवला. तो हसला, बूट काढून कपाटात ठेवले आणि घरी गेला. त्याचे बूट मला मोठे होत होते. पुढे कागद कोंबून मी ते घातले आणि अकरा पावलं चाललो. पहिल्याच खेपेला जमलं.

सिनेमा लागल्यावर टाचने आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली. थिएटरात मी मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तो. अंधारात ओठ दिसत नाहीत. ती मार्गिका आली तेव्हा त्याने आपलं मनगट माझ्या हातात दिलं आणि कानाशी कुजबुजला, "माझं पाऊल पडेल तेव्हा दाब. मला ऐकायचंय."

मी दाबू लागलो. चार बुटांतल्या थोरल्याच्या प्रत्येक पावलाला एकदा. त्याची नाडी माझ्या बोटांखाली होती. धाकटा थांबला. आता मीही थांबलो असतो तर त्याला काही कळलं नसतं. एवढं खोटं मला बोलावंसुद्धा लागणार नव्हतं, नुसतं बोट सैल सोडायचं होतं. का सोडलं नाही, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित पाऊल वाजत असताना गप्प बसणं या हातांना जमत नसेल. कदाचित मला पकडलं जायचं असेल. मी दाबलं. एक. दोन. तिसऱ्याला त्याचा हात दचकला. त्याने तो काढून घेतला नाही. अकरापर्यंत तसाच ठेवला.

दिवे लागले. बायको डोळे पुसत माझ्यावरून त्याच्याकडे वाकली, त्यामुळे तिचे ओठ त्याला दिसले. ती म्हणाली, "दादा, ती शेवटची चाल मी डोळे मिटून ओळखली. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

 टाच एक शब्द खरा बोलला असता तर माझं जे काही होतं ते तिथेच संपलं असतं.

"माझीच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाची असणार?"

ती पुढे गेली. रांगेतली माणसं बाहेर पडेपर्यंत आम्ही खुर्च्यांजवळ उभे होतो. तो माझ्याकडे वळला. जावईबापू म्हणाला नाही.

"मी तुझ्याबरोबर थांबलो होतो," तो म्हणाला. "प्रत्येक वेळेला."

काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. त्याने माझ्या ओठांवरून नजर काढून घेतली. म्हणजे आता मी काहीही म्हणालो तरी ते त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

सोमवारी तो स्टुडिओत आला नाही. मी फोन केला नाही. फोन त्याला ऐकू येत नाही, असं बायकोला सांगता येत नव्हतं, म्हणून तिला म्हणालो की तो दमलाय. त्याचं घर आमच्यापासून चार गल्ल्यांवर आहे. रोज संध्याकाळी मी बूट घालतो, दाराशी येतो, आणि तिथेच उभा राहतो.