कोंडीरामाचा पहारा

रहाटणीच्या देवळात सप्ताह बसला, की सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचा पहारा. त्या गुरुवारी सकाळचं कीर्तन असं रंगलं, की बुवा थांबले तरी टाळकऱ्यांचे पाय थांबेनात. गवराबाईच्या कानात मात्र त्यातलं अक्षर शिरलं नव्हतं. खांबाला टेकून ती नवऱ्यावर नजर ठेवून होती.

कोंडीराम देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता. तीन वर्षांमागं त्याच्या डोक्यात आवाज बोलू लागले. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, तेव्हा कुठं तो दोन घास जेवू लागला. पण नजर हलली की उठून चालता होई. एकदा पवनेत गळ्याएवढ्या पाण्यात सापडला. तेव्हापासून गवराबाईनं सलग झोप पाहिली नव्हती. आता तिनं ताथवड्याला भावाकडे निरोप धाडला होता : रविवारी गाडी घेऊन ये, मी कायमची येते.

चुलतदीर बबनराव पहाऱ्याची यादी वाचत होता. दर साली तीत कोंडीरामाचं नाव असे, औंदा नव्हतं.

"राग धरू नका, वहिनी. मधीच वीणा ठिवून चालू लागला, तर सप्ताह मोडायचा."

"ठिवतोय कशाला? वीणेसकट पवनेत जायचा!" मागून कोणी म्हणालं. चौघं हसले.

गवराबाईला रागवायचंही त्राण नव्हतं. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "नका देऊ. लाकडाची वीणा, तरी धरायला बारा जण लागत्यात. ह्यो जिता माणूस मी एकटी धरून हाय, भाऊजी. माझा पहारा कवा बदलायचा?"

हसणारे खाली बघू लागले. बुवा उपरण्यानं घाम पुसत होते, ते थांबले.

"बबनराव, कागदाच्या पाठीमागं कोंडीरामाचा पहारा लिहा. पहिलं नाव माझं."

"बुवा, सप्ताह उठला की तुमी जाणार तुमच्या गावाला."

"म्हणून तर दुसरं नाव तुमचं. सप्ताह उठेल, त्याचा आजार उठणार नाही. ही यादी फाडायची नाही."

दुपारी बुवांचा पहारा सरला, बबनराव कोंडीरामाच्या घरी ओट्यावर आला. गवराबाईनं बजावलं, "जेवणावर गोळी. गालात ठेवतो, तोंड उघडून बघा. आवाज येतो म्हणाला तर भांडू नका. नुसतं जवळ बसा."

"येवढं समदं?"

"येवढंच."

ती आत आडवी झाली. झोप कुठली! बाहेर भांडं वाजलं, तशी उठून बसली. शेजारच्या म्हाताऱ्या भागूबाईनं तिला खांद्याला धरून निजवलं. "पड गं. पहारा बदललाय."

ओट्यावर कोंडीराम म्हणत होता, "बबन्या, त्यो म्हनतो तू चोर हायेस."

"कोन?"

"आवाज."

बबनराव घुटमळला. "खरं हाय त्याचं. ल्हानपनी तुझ्या गोट्या मीच चोरल्या व्हत्या."

कोंडीराम हसला. हसणं त्याचंच आहे, हे ओळखायला गवराबाईला एक क्षण लागला. मग कधी डोळा लागला, ते तिला कळलं नाही.

रविवारी भाऊ आला, तेव्हाही ओट्यावर दुसऱ्याचा पहारा होता, नि ती आत निजली होती.

"उठवू का तिला?"

"नगं," भागूबाई म्हणाली. "बैलं सोड, भाकरी खा. जायचं का ऱ्हायचं, ते जागी झाली की तीच सांगंल. तीन वर्सांची झोप हाय बाबा, घाई करू नगं."