तर्जनीपर्यंतची वाट

माझी लेक रफू करते. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपासून चार हातांवर तिची खुर्ची आहे. कोटाला भोक पडलं, शालीला कसर लागली की माणसं तिच्याकडे येतात आणि परत नेताना भोक कुठे होतं ते शोधत बसतात. काळ्या कापडावर डोळ्यांचा काही उपयोग नसतो. डाव्या हाताची तर्जनी ती कापडाखाली धरते, एकेक धागा बोटानं मोजते आणि उजव्या हातातली सुई त्या मोजणीमागून चालते. काम रंगात आलं की तिच्या पापण्या मिटतात. लाँड्रीवाले काका म्हणतात, "ही झोपेत पगार घेते."

एका सकाळी काचेचा पेला धुताना तिच्या हातातच फुटला आणि डाव्या तळहातात खोल काप गेला. तर्जनीकडे जाणारा मज्जातंतू तुटला. डॉक्टरीणबाईंनी तो केसाहून बारीक दोऱ्यानं शिवला. शुद्धीवर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता माझ्यावरच रफू झालं." हसली, आणि मग तर्जनी अंगठ्यावर घासत राहिली. बोट हलत होतं, पण लाकडी खुंटीसारखं मुकं होतं.

"पहिला महिना धरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नंतर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढेल. बोटाच्या टोकाला पोचला तर पोचला. वाट बघायची."

त्या 'तर'वर आमचं घर काही महिने टांगलेलं होतं. माझी नात, ठिपकी, तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ठिपकी. तिनं पहिल्याच दुपारी मला गाठलं.

"आजोबा, तंतू वाढणार म्हणजे कुठून वाढणार? हातातून?"

मी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. असा प्रश्न आला की मला अजून तहानेल्याला पाणी मिळाल्यासारखं होतं. मी तिला पाठमोरी उभी केली आणि मानेपासून खाली एकेक मणका बोटानं मोजला.

"वर कवटीत मेंदू. त्याच्यापासून निघालेली दोरी या मणक्यांच्या आतून खाली जाते, ती मज्जारज्जू. जाडी तुझ्या करंगळीएवढी. दोन-दोन मणक्यांच्या मधून डावीउजवीकडे तंतूंच्या जोड्या बाहेर पडतात, एकतीस. मानेजवळच्या काही जोड्या काखेत एकमेकींत गुंततात, पुन्हा सुटतात आणि हातात उतरतात."

"गुंता होत नाही?"

"आईच्या दोऱ्यांच्या डब्यासारखा दिसतो, पण प्रत्येक धाग्याला आपलं घर माहीत असतं. आता ऐक. बोटाच्या टोकाला जे कळतं ते आणणाऱ्या तंतूची पेशी बोटात नसते. ती इथे, मानेतल्या मणक्याशेजारी. तिथून एकच धागा, मध्ये जोड नाही, गाठ नाही, थेट बोटापर्यंत. तुटला की पुढचा तुकडा विरून जातो. पण त्याचं वेष्टण राहतं, रिकाम्या नेफ्यासारखं. मागचा धागा त्या नेफ्यातून पुन्हा पुढे सरकतो."

"नाडी ओवतात तसा."

"तसाच. फक्त पिन लावून ओढायला कुणी नसतं."

ठिपकी खिडकीबाहेर बघू लागली. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाऱ्यानं फुगत होत्या. "म्हणजे आई इथे बसलीये," ती म्हणाली, "आणि तिच्या आत कुणीतरी चालतंय."

मग तिनं पट्टी करायचं ठरवलं. जखमेपासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढी पांढऱ्या कापडाची पट्टी. दर रविवारी लाल दोऱ्यानं सात मिलिमीटरचा एक टाका. टाके टोकाला पोचतील तेव्हा तंतूही पोचेल.

आमच्या घरातल्या टेपचं पत्र्याचं टोक केव्हाच निघून गेलंय, पहिला इंच विसकटलाय. म्हणून आमच्याकडे सगळे एकच्या खुणेपासून मोजतात आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करतात. लेकीनं एकची खूण जखमेवर धरली, बोटापर्यंत ताणली आणि म्हणाली, "पाच."

"एक वजा केलास ना?" मी ठिपकीला विचारलं. शिक्षकाची खोड.

"केला," ठिपकी म्हणाली आणि तिनं पट्टी कापली.

पहिला महिना सरला आणि टाके सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की वाढत्या टोकावर हलकी टिचकी मारली तर बोटात मुंग्या येतात. दुसऱ्या टाक्याला ठिपकीनं तळहातावर टिचकी मारली आणि लेक दचकली. "आली. मुंगी आली." पण मग ठिपकी उठताबसता टिचक्या मारू लागली, तेव्हा लेकीनं हात काढून घेतला. "पेरलेलं रोज उकरून बघू नये. पट्टी आहे ना तुझी? तिच्यावर बघ."

दुपारी लेक आरामखुर्चीत पडे. खोलीत ऊन लांबट होऊन भिंतीवर चढे. एकदा डोळे न उघडताच ती म्हणाली, "बाबा, मला एक लांब बोळ दिसतो. पांढरा, मऊ. भिंतींना हात लावत कुणी चाललंय. दिवा नाही, घाई नाही."

"किती जोरात चाललंय?"

"नख वाढतं तेवढं."

"त्याहून जोरात. डोक्यावरच्या केसाहूनही."

"मग बरंच धावतंय की," ती म्हणाली आणि झोपली.

लाँड्रीवाले काका दोनदा येऊन गेले. त्यांच्याकडे एक नवी बाई काम मागत होती. "मी काही म्हणत नाही गं," ते म्हणाले. "पण कोट साठलेत. हँगर संपले, आता मी स्वतःलाच टांगतो." लेकीनं त्यांना पट्टी दाखवली. "ही संपेल त्या सोमवारी येऊन सांगते. बोट बोललं तर बसते. नाही तर त्या बाईंना माझ्या सुया देते."

पंधराव्या रविवारी पट्टी संपली.

ठिपकीनं आईचे डोळे रुमालानं बांधले. लोकर, रेशीम, गोणपाट असे तीन तुकडे एकेक करून तिच्या तर्जनीच्या टोकाला लावले.

"लाव की," लेक म्हणाली.

"तिन्ही लावून झाले, आई."

लेकीनं रुमाल सोडला, त्याची नीट घडी घातली. कपाटातून सुयांची डबी काढून दाराशेजारच्या फळीवर ठेवली. सोमवारी न्यायला. ठिपकी पट्टी मुठीत धरून माझ्याजवळ आली. "आजोबा, तो वाटेत हरवला का?"

हरवतात कधीकधी. हे मला ठाऊक होतं आणि मुलांशी खोटं बोलायची मला सवय नाही. "बघू या कुठवर आला असता," मी म्हटलं. लेकीचा हात टेबलावर ठेवला, पट्टीचं एक टोक जखमेच्या वणावर धरलं आणि बोटावरून पसरली. पट्टी बोटाच्या शेवटच्या पेरापाशीच संपली. टोकाचं ते पेर उघडंच होतं.

"कापड आटलं," लेक म्हणाली.

"धुतलंय कुठे?" मी टेप आणला. पट्टी भरली चार इंच.

ठिपकीचा चेहरा उतरला. "तू पाच म्हणालीस. मी एक वजा केला."

"अगं, मी वजा करूनच सांगितलं होतं. टेपवर सहा होते."

"आजोबांनी विचारलं, एक वजा केलास ना. म्हणून केला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी किती मुलांकडून दोनदा वजाबाकी करून घेतली असेल, देव जाणे. "चूक माझी," मी म्हटलं. "आता टिचकी मार. पट्टी संपते तिथे."

ठिपकीनं शेवटच्या पेराच्या वळीवर टिचकी मारली.

लेकीनं बोट झटकन मिटलं. "मुंगी," ती हळूच म्हणाली. "तिथेच आहे. पुढे निघालीये."

फळीवरची डबी तिनं उघडली. "आण ती पट्टी." एका इंचाचा तुकडा तिनं पट्टीला जोडायला घेतला, मुकी तर्जनी खाली धरूनच. सुई दोनदा चुकली, बोटातून रक्ताचा थेंब आला, तिला कळलाही नाही, ठिपकीनं पुसला. जोड वेडावाकडा झाला. तिच्या हातचं, डोळ्यांना दिसणारं ते पहिलंच रफू.

सोमवारी तिनं काकांना पट्टी दाखवली आणि आणखी चार आठवडे मागितले. काकांनी जोडावरून अंगठा फिरवला. "हे तू केलंस?" म्हणाले. मग म्हणाले, "खुर्चीवर सध्या कोट ठेवतो. त्या बाईंना पुढच्या काउंटरला बसवतो."

चौथ्या रविवारी पुन्हा रुमाल बांधला. ऊन भिंतीवर चढत होतं. ठिपकीनं लोकरीचा तुकडा आईच्या बोटाच्या टोकाला टेकवला आणि माझ्याकडे बघत थांबली.

लेकीचा चेहरा लांब कुठेतरी ऐकत असल्यासारखा झाला.

"कोणीतरी आहे," ती म्हणाली. "कोण ते कळत नाही अजून. पण दारात उभं आहे."