सदतिसाव्या चित्रातला डोळा

आत्याने पाखराचं सदतिसावं चित्र पुठ्ठ्यात घातलं, सुतळी आवळली आणि मारलेली गाठ पुन्हा सोडली. सकाळपासूनची ही चौथी खेप. छापखान्याचा माणूस बाहेरच्या खोलीत घड्याळाकडे बघत बसला होता.

“आता ते पाखरूच वैतागून उडून जाईल,” भाची म्हणाली.

आत्या हसली नाही. ती पक्ष्यांमागे हिंडू लागली तेव्हा लोक तिला खुळी म्हणायचे. आता तिचं पुस्तक पिशवीत टाकल्याशिवाय कुणी पक्षी बघायला निघत नसे. चाळीस वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघत होती, जुनीच चित्रं घेऊन.

“याचा डोळा लाल नाही,” ती अखेर म्हणाली. “मला हा मेलेला मिळाला होता. मेल्यावर डोळ्याला रंग राहतो होय? मी अंदाजाने भरला. एका मास्तरांनी कळवलं, गावच्या तळ्यावर याचा डोळा पिवळा दिसला म्हणून. मी उलट टपाली सुनावलं, आधी बघायला शिका. त्यानंतर त्या तळ्याकडे फिरकलेच नाही. परवा गेले.”

“मग?”

“पिवळाधम्मक.”

“मग कर की पिवळा. कोण फासावर देतंय तुला?”

आत्या उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. “इतक्या लोकांनी पाहिला, ते काय सगळे आंधळे? तू लहानपणापासून तळ्यावर जातेस. तू बोललीस कधी?”

भाचीने कपाटातून आपली शाळेतली वही काढली आणि एक पान उघडून समोर धरलं. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: डोळा पिवळा. ‘पिवळा’वर काट मारून वर ‘लाल’ लिहिलं होतं. पुढच्या पानांवर खाडाखोड नव्हती. सगळीकडे लालच.

“तुला दिसला होता?”

“दिसला होता गं. पण घरी येऊन पुस्तकात बघितलं.”

आत्या बराच वेळ त्या काट मारलेल्या शब्दावर बोट ठेवून बसली.

“झालं का बाई?” बाहेरून हाक आली.

“बसा अजून. रंग वाळायचाय.”

तिने पात्याने डोळ्यातला लाल हलकेच खरवडला आणि कुंचला भाचीच्या हातात दिला.

“मी? आत्या, अगं, कसला पिवळा देऊ?”

भाचीची नजर सवयीने टेबलावरच्या जुन्या पुस्तकाकडे वळली. आत्याने ते मिटलं आणि मांडीखाली घेऊन बसली.