वर्षालीच्या बोटावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. चाकू म्हटले की तुम्हाला कांदा आणि वांगी आठवतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी आयुष्यात एकदाही भाजी चिरलेली नाही. मी कलमे बांधण्याचा चाकू आहे. मोर्शीजवळच्या एका रोपवाटिकेत, नत्थुजींच्या टिनाच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगलेला असतो. माझे वय साठच्या घरात आहे. पाते झिजून निम्मे राहिले आहे, पण बाणा पूर्वीचाच आहे.

माझा जन्म अकोल्याचा. तिथल्या एका लोहाराने मोडक्या करवतीच्या तुकड्यातून मला घडवले आणि बाभळीच्या लाकडाची मूठ बसवली. मुठीचे टोक त्याने चपटे केले. ते कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नव्हते. समोर उभ्या असलेल्या एका तरुणाने तसे सांगितले, म्हणून त्याने केले. तो तरुण म्हणजे नत्थुजी. संत्र्याची कलमे पोचवायला तो अकोल्याला आला होता आणि जाताना मला घेऊन गेला. वाटेत बसमध्ये त्याने मला चार वेळा खिशातून काढून पाहिले. एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा फारसे आले नाही.

माझे काम काय, ते थोडक्यात सांगतो. जंबेरीचे, म्हणजे जंगली लिंबाचे, रोप मुळाने घट्ट असते, पण फळ आंबट. त्याला खुंट म्हणतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढायचा. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, मुठीच्या चपट्या टोकाने साल उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि खालून वर पट्टी आवळत न्यायची. सालीला साल नेमकी भिडली पाहिजे. मध्ये केसाएवढी फट राहिली तर डोळा सुकतो. तीन-चार आठवड्यांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर कलम लागले.

नत्थुजी आणि मी दिवसाला पाचशे डोळे बांधत असू. रिद्धपूरच्या वाटेवर, चांदूर रेल्वेकडे, पार अकोल्यापर्यंत आमची कलमे गेली. बागवाले म्हणायचे, "नत्थुजीचं कलम म्हणजे डोळे मिटून लावा." मी खिळ्यावर फुगून जायचो. माझी धार झेलून झेलून नत्थुजींच्या दोन्ही अंगठ्यांवरच्या रेघा मात्र पुसून गेल्या. आजही रेशन दुकानातल्या मशीनवर ते अंगठा ठेवतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. दुकानदार पुसून पुसून ठेवायला सांगतो. नत्थुजी म्हणतात, "इतक्या झाडाईले नाव देलं, अन मायंच नाव या डब्याले सांगता येत नाही."

या घराची एक रीत आहे. घरातून कोणी लांब राहायला निघाले की त्याने जाण्याआधी आपल्या हाताने एक डोळा बांधून जायचे. लग्न होऊन निघालेल्या मुलींनी बांधले, नोकरीला गेलेल्यांनी बांधले. डोळा फुटला की माणूस तिकडे रुजला, असे समजायचे. रीत कोणी सुरू केली ते मला माहीत नाही, पण ती चालली माझ्याच पात्यावर. त्याचा मला भारी अभिमान होता.

पुढे दिवस बदलले. प्लॅस्टिकच्या मुठीचे, पाते बदलता येणारे चाकू आले. नत्थुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांचा मुलगा देवानंद रोपवाटिका सांभाळू लागला आणि त्याने ते नवे चाकूच आणले. मी खिळ्यावर राहिलो. गंज चढला. एका कोळ्याने माझ्या मुठीपासून छपरापर्यंत जाळे विणले. तो सज्जन होता, पण बोलायला काही खास नव्हता.

मला सोबत मिळाली ती वर्षालीमुळे. वर्षाली म्हणजे देवानंदची मुलगी. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकली, तीन वर्षे पुण्यात नोकरी केली. तेव्हा दर महिन्याला घरी येत असे, म्हणून तिची रीत राहूनच गेली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणे हे तिचे काम. गेल्या वर्षी तिने घरी राहून परदेशातल्या एका कंपनीत प्रयत्न सुरू केले. घरात मोबाईलला रेंज नाही, शेडमध्ये आहे. म्हणून तिच्या पाचही मुलाखती माझ्यासमोर झाल्या. खताच्या पोत्यावर लॅपटॉप, वर छान सदरा, खाली घरातली सलवार आणि पायात चिखलाच्या चपला. मला त्यातले एक अक्षर कळले नाही. पण पाचव्या मुलाखतीनंतर ती पोत्यावरून उडी मारून उतरली आणि लॅपटॉप उघडाच टाकून घराकडे पळाली, ते मात्र कळले.

मग कंपनीचे पत्र आले. वर्षालीने ते शेडमध्ये बसून आजोबांना समजावून सांगितले.

"आबा, परदेशात काम करायले असंच जाता येत नाही. तिथल्या कंपनीनं सरकारले लिहून द्यावं लागते का ही मुलगी आमाले पाहिजे, तिची जबाबदारी आमची. त्याच्यावर व्हिसा भेटते."

नत्थुजींनी थोडा विचार केला. "म्हंजे कंपनी खुंट झाली म्हण. अन तू डोळा."

"हो, तसंच," ती हसून म्हणाली. "बारा जानेवारीले रुजू व्हायचं आहे. त्याच्या आत व्हिसा हाती पाहिजे."

पत्र आले म्हणजे जाणे ठरले, असे नत्थुजींनी गृहीत धरले. तो नोव्हेंबरचा शेवट होता. त्यांनी एका खुंटाची साल नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "साल सुटली आहे, बाई. हा आठवडा गेला का खुंटाची साल आखडते, मंग उचलत नाही. तुयी रीत आताच करून टाकू."

मित्रांनो, इथेच आमची चूक झाली. आमची म्हणतो, कारण त्यात माझा वाटा सगळ्यांत मोठा आहे. शनिवारी नत्थुजींनी मला खिळ्यावरून काढले, गंज घासला आणि दगडावर पाजवायला बसले. नात परदेशी निघाली होती, त्यांचा हात थांबेना. दोन तास पाजवले. इतकी धार मला तरुणपणीही नव्हती. आणि मी? मी खूश होतो. दहा वर्षांनी मला कोणीतरी हातात घेतले होते.

रविवारी सकाळी वर्षाली वाफ्यात बसली. लहानपणी आबांनी तिला हे शिकवले होते, पण तेव्हाचा माझा बोथटपणा तिच्या हाताला आठवत होता. तिने फांदीवरचा डोळा काढायला मला आपल्याकडे ओढले आणि वर पाहून विचारले, "असंच ना, आबा?"

नत्थुजींना नीट दिसत नव्हते. ते म्हणाले, "हो, हो, अस्संच."

मी फांदीतून सरकलो आणि तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरात शिरलो.

रक्त आले. तरी तिने डोळा पुरा बांधला, पट्टीसुद्धा आवळली. घरातून तिची आई जमुना हळद घेऊन धावत आली आणि बोटावर मूठभर दाबली. सगळे "काही होत नाही, भरून निघते" म्हणत होते. तेवढ्यात देवानंद आला. त्याने बोट पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "बुधवारी पुण्याले व्हिसासाठी बोटाईचे ठसे द्यायचे आहे ना?"

"हो," वर्षाली म्हणाली.

मग देवानंद वडिलांवर पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "काहून देला बाबा तुमी तिच्या हाती चाकू? चार दिवस थांबता नसतं आलं?" देवानंदने मला उचलले, खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवले. मला राग आला नाही. जागा मला योग्यच मिळाली होती.

डब्यातून दिसत नाही, पण ऐकू येते. वर्षाली गुरुवारी पुण्याहून परतली, तेव्हा शेडमध्येच बसून तिने सगळे सांगितले. व्हिसा केंद्रातल्या बाईंनी बोट पाहिले, दोनदा मशीनवर ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, दहाही बोटांचे ठसे स्वच्छ लागतात. जखम भरली की परत या." पुढची तारीख मिळाली ती दहा दिवसांनंतरची. त्यानंतर निकालाला तीन आठवडे. म्हणजे बारा जानेवारी अगदी तोंडाशी येत होती. तिने कंपनीला खरे काय ते कळवले. कंपनीचे उत्तर सभ्य होते, पण स्पष्ट होते. तारीख पुढे जाणार नाही, तोवर नाही आलात तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

"अन दहा दिवसात बोट नाही भरलं तर?" जमुनाने विचारले.

"तर नाही," वर्षाली म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. त्या वेळी मला डब्यातल्या खिळ्यांसारखे कायमचे गंजून जावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिला मोर्शीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हळद धुऊन काढली, औषध दिले आणि सांगितले, "टाका नको. फक्त दोन्ही कडा नीट जुळवून बांधत जा, आणि बोट कोरडं ठेवा."

आल्यावर जमुना शेडमध्येच पट्टी बांधू लागली. नत्थुजी बाजूला बसले होते. रविवारपासून ते कोणाशी बोलले नव्हते. ते म्हणाले, "सूनबाई, तुमची हरकत नसन तं मी बांधू का?"

जमुनाने देवानंदला विचारले, "बांधू देऊ?" "बांधू दे," तो म्हणाला.

नत्थुजींनी साबणाने हात धुतले. मित्रांनो, मी ते पाहिले नाही, पण मला ते पाहायची गरजच नव्हती. त्यांचे हात मला पाठ आहेत. कडेला कड भिडवायची, मध्ये फट ठेवायची नाही, खालून वर पट्टी न्यायची, बेताने आवळायची. पन्नास वर्षे त्यांनी हेच केले होते. डोळ्यांनी दिसत नसले तरी त्यांच्या बोटांना दिसत होते. बांधून झाल्यावर वर्षाली म्हणाली, "आबा, दुखलंच नाही."

मग रोज सकाळी तेच. पट्टी सोडायची, बोट उजेडात धरायचे. "पाह्य बरं देवानंद, मले नीट दिसत नाही," असे नत्थुजी म्हणायचे. रागावलेला देवानंद पहिल्या दिवशी नुसता "ठीक आहे" म्हणाला. चौथ्या दिवशी म्हणाला, "कडा जुळून राहिल्या, बाबा." सातव्या दिवशी बापलेक त्या बोटावर वाकून एवढा वेळ बोलत बसले की वर्षालीला शेवटी सांगावे लागले, "मले जेवू द्या आता." त्या दहा दिवसांत तिला घरात कोणी पाण्यात हात घालू दिला नाही. केस धुवायला आई, चहा द्यायला बाप. ती म्हणाली, परदेशी नाही गेले तरी चालेल, हे बोट असेच कापलेले राहू द्या. सगळे हसले.

ठरलेल्या दिवशी वर्षाली पुन्हा पुण्याला गेली. दुपारी देवानंदचा फोन वाजला. त्याने ऐकले आणि शेडच्या दारातून ओरडला, "बाबा, दहाही ठसे आले!" नत्थुजींनी त्याला तेच दोनदा पुन्हा सांगायला लावले.

तरी तीन आठवडे वाट पाहायचीच होती. वाट पाहताना या घरात दिवसाला किती चहा झाले ते डब्यात राहूनही मला मोजता आले असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट घरी आला. आत व्हिसा होता.

त्याच संध्याकाळी माझ्या डब्याचे झाकण उघडले. देवानंद होता. त्याने मला बाहेर काढले, तेलाच्या चिंधीने पुसले आणि वर्षालीसमोर धरले.

"त्या डोळ्याची पट्टी अजून तशीच आहे. तूच सोड. अन या वेळी चाकू आपल्याकडे नको वढू."

मला तर डब्यात परतावेसे वाटले. पण नत्थुजी तिच्या शेजारी बसले, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि माझे तोंड बाहेरच्या बाजूला वळवले. मी पट्टीवरून हळूच फिरलो. पट्टी गळून पडली. तिच्यावर रक्ताचा काळपट डाग होता. आतला डोळा हिरवागार होता.

वर्षाली मला सोबत न्यायचे म्हणत होती. नत्थुजी म्हणाले, "तिथं काय कापशील? राहू दे इथंच." खरे सांगू का, मला बरे वाटले. परदेशातली थंडी माझ्या जुन्या पात्याला मानवली नसती.

ती बारा तारखेला रुजू झाली. पहिल्या रविवारी तिने फोन केला, चेहरा दिसणारा. शेडमध्ये सगळे त्या चौकोनाभोवती गोळा झाले.

"आबा, इथल्या ऑफिसचं दार बोटाच्या ठशानं उघडते. मी मुद्दाम तेच बोट देलं."

"उघडलं का?"

"पहिल्याच वेळी." तिने बोट समोर धरले. पेरावर एक बारीक, सरळ रेघ होती. ती माझी रेघ. आणि सरळ भरली ती नत्थुजींमुळे.

नत्थुजींनी आपले गुळगुळीत अंगठे पाहिले आणि मोठ्याने हसले. "चाल, घरातल्या एकाले तरी मशीन ओयखते!"

मित्रांनो, आता थोडे माझ्याबद्दल. जुन्या हत्यारांना विसरू नका, हे मी सांगणारच, कारण विसरलेले हत्यार फार वाईट. पण एवढ्यावर भागत नाही. धार लावून कोणाच्या हाती द्याल, तर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. त्याचा हात धरून दाखवा. लांबून नुसते "हो, हो, अस्संच" म्हणू नका. नत्थुजी आता तसे म्हणत नाहीत, आणि मीही आता प्रत्येक हाताला तितकाच जपून भेटतो.

वर्षालीचे कलम वीतभर वाढले आहे. त्याला देवानंदने लाल दोरा बांधला आहे, म्हणजे ते विकायचे नाही. ती सुटीत आली की तिच्याच हाताने मळ्यात लावायचे आहे, आणि त्या दिवशी खुंटाची जास्तीची फूट मीच छाटायची, असे नत्थुजींनी सांगून ठेवले आहे. तेव्हा मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्या पात्याला तेलाचे बोट लावून जा. मला तोवर गंजायचे नाही.