औषध पिऊन दाखवणारे साहेब

साहेबांनी पेला तोंडाला लावला तेव्हा पॅकिंग शेडमध्ये दोनशे माणसं होती आणि कुणी खोकतही नव्हतं. एरवी या शेडमध्ये खोकल्याशिवाय एक मिनिट जात नाही. घोटभर तळाशी ठेवून साहेबांनी पेला टेबलावर आपटला आणि टाळ्यांनी छताचे पत्रे दणाणले. मागच्या बाकावरची एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली.

साहेब कीटकनाशकाच्या कंपनीचे. विकायला एजंट होते, साहेब फक्त प्यायचे. लोकांनी त्यांचं नाव नीलकंठ ठेवलं होतं.

"सात वर्षं पितोय!" ते छाती ठोकून म्हणाले. "दात बत्तीसच्या बत्तीस. आणि तुम्ही नुसत्या वासाला घाबरता? अहो, सरकारी मंजुरी आहे याला! सरकार आपल्याच लेकरांना विष पाजेल का?"

शेजारच्या खुर्चीतल्या सरकारी अधिकाऱ्यांनी डोळे न उघडता मान डोलावली.

ही सभा भरली होती ती माझ्यामुळे. मी समोरच्या दवाखान्यात रक्त तपासतो. इथल्या काचघरांत पालेभाजी पिकते आणि सतरा बायका ती खुडून, निवडून भरतात. महिनाभरात त्यांतल्या अकरा जणी कुणी हात थरथरतात, कुणी तोंडाला सारखं पाणी सुटतं, कुणी समोरचं धूसर दिसतं म्हणून आल्या. हे औषध ज्या वाटेनं किड्याच्या नसा बिघडवतं त्याच वाटेनं माणसाच्याही बिघडवतं, आणि त्याची खूण रक्तात सापडते. अकराही जणींत ती सापडली. काचघरात जाणं थांबवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मालकानं त्यावर उत्तर म्हणून नीलकंठ बोलावला. उद्या सकाळी सातला बायकांनी आत जायचं की नाही, हे इथं ठरणार होतं.

त्या अकरांतली एक माझी सख्खी वहिनी. आणि ती जायला तयार होती!

"भावजी, खोट माझ्यातच असणार," ती सकाळी मला म्हणाली होती. "तो माणूस पेलाभर पितो आणि मला वासानंच भोवळ येते. माझंच अंग कमजोर. उगाच दुसऱ्याला कशाला नावं ठेवायची?"

माझा तिळपापड झाला. चोर तो चोर वर शिरजोर हे मी पाहिलं होतं. पण ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच शरमेनं मान खाली घालायला लावणारा चोर मी पहिल्यांदा पाहत होतो.

शिवाय पेल्यातली मेख मलाही कळेना. इथल्या फवारणीवाल्यांची एक जुनी परीक्षा आहे. औषधाचे चार थेंब पाण्यात टाकायचे. पाण्याचं दूध झालं तर माल अस्सल, नाहीतर भेसळ. साहेबांनी नेमकं तेच करायला लावलं. सगळ्यांत जुन्या फवारणीवाल्याला पुढं बोलावलं, स्वतःची बाटली त्याच्या हातात दिली.

"टाका काका, तुमच्या हातानं टाका! झालं का दूध?"

"झालं!" काका ओरडले. मग शंका घेणार कोण?

पिऊन झाल्यावर साहेब निघाले असते तर आजही नीलकंठच राहिले असते. पण टाळ्या मिळालेला माणूस खाली बसत नाही. ते तासभर बोलले. शेवटी पुढच्याच बाकावरची वहिनी उठली. बारा वर्षं ती पानं उलटून कीड शोधते आहे. मोहरीएवढा किडाही तिच्या नजरेतून सुटत नाही.

"साहेब, हे औषध मुंग्या मारतं का हो?"

"मुंग्या? ताई, मुंग्यांचं खानदान मारतं!"

"मग तुमच्या पेल्यात त्या काय करतायत?"

दोनशे माना वळल्या. टेबलाच्या पायापासून पेल्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"त्या... मरायलाच आल्यात," साहेब म्हणाले.

"अर्धा तास बघतेय. एक मेली नाही. उलट जाऊन बाकीच्यांना बोलावून आणतायत."

हशा पिकला. मी पुढं होऊन पेला हुंगला. बडीशेप! दवाखान्यातून बडीशेपेचा अर्क आणला. तो स्पिरिटमध्ये मुरवलेला असतो. पाण्यात पडला की त्यातलं तेल वेगळं होतं आणि पाणी पांढरंफेक दिसतं. चार थेंब पाण्यात टाकले, तसंच दूध झालं; साहेबांच्या बाटलीत हाच अर्क होता. पेल्यातल्या पाण्यात साहेबांनी आधीच साखर घातली होती, कारण जिभेचे चोचले नीलकंठालाही असतात.

वहिनी एवढ्यावर थांबली नाही. हातमोजे घालून तिनं गोदामातला सीलबंद डबा आणला आणि झाकण फिरवलं.

"साहेब, आता यातलं प्या."

साहेब दोन पावलं मागं सरले. रुमाल नाकावर गेला. "झाकण लावा आधी! बंद जागेत उघडतात का हे? अक्कल आहे का?"

वहिनीनं झाकण लावलं आणि तिचा आवाज चढला. "बंद जागेत? आणि आम्ही रोज कुठं असतो? महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होते!"

आता अधिकारी जागे झाले. "हा मनुष्य लबाड असेल, पण मंजुरी खरी आहे."

"खरीच आहे," मी म्हणालो. "वाचून दाखवा ना."

त्यांनी कागद काढला. चाचण्या कंपनीनंच केलेल्या. उघडं शेत, फवारणारा ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये, आणि नंतर चार दिवस कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे काचेच्या बंद घरात संध्याकाळी फवारतात आणि सकाळी सातला बायका आत शिरतात.

"चाचणीत खुडणारी एखादी बाई होती का?" वहिनीनं विचारलं.

"तशी तरतूद नव्हती," अधिकारी कागदाकडे बघत म्हणाले.

पहिली हातचलाखी बाटलीची होती, ती मुंग्यांनी पकडली. दुसरी कागदाची, आणि ती जास्त घातकी. लबाडाला निदान पेला उचलावा लागतो. शिक्का मारणाऱ्याला तेवढेही कष्ट नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातला एकही बाई आत गेली नाही. मालक आदळआपट करून दमला. सतरा जणी माझ्याकडून त्या अकरा जणींच्या रक्ताचे अहवाल घेऊन मंजुरीच्या कार्यालयात गेल्या. तिथं त्यांना थांबायला सांगितलंय, आणि त्या थांबल्या आहेत.

तुमच्याकडेही कुणी काही पिऊन दाखवील, नाहीतर शिक्का दाखवील. टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी करा. तुमच्याच गोदामातला डबा त्याच्यापुढं ठेवा. आणि विचारा, हे तपासलं तेव्हा आमच्यासारखं काम करणारं तिथं कोण होतं? उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका.