बुडाला भोक असलेला माठ

मित्रांनो, बुडाला भोक असलेला माठ कोणाच्या काय कामाचा, असं तुम्ही म्हणाल. मी तसाच एक जुना माठ आहे. एकोणीसशे तीसच्या सुमारास रिसोडजवळच्या एका गावात कुंभाराने मला घडवलं. दोन उन्हाळे मी पुंजाजींच्या घरी थंड पाणी पाजलं. मग बूड फुटलं, तेव्हा त्यांच्या सुनेने, रुख्मिणीने, मला फेकलं नाही. तिने मला न्हाणीजवळ तीन दगडांवर बसवलं.

भोकावर गवत दाबून ती माझ्यात चुलीतली राख भरायची आणि वरून पाणी ओतायची. खालून निसरडं, खारं पाणी गळायचं. त्यात पुंजाजींचं धोतर असं पांढरं निघायचं की शेजारच्या बाया विचारायला यायच्या. कशाला खोटं बोलू, मी फुगून गेलो होतो!

उरलेली ओली राख रुख्मिणी वांग्याच्या वाडीत पसरायची. ती वाडी तिने एकटीने उभी केली होती. माती काळी, भारी, चिकट. एका वर्षी मात्र वांग्याच्या खालच्या पानांच्या कडा करपू लागल्या.

पुंजाजी म्हणाले, "अवं, एवढी राख टाकून राह्यली तू, अन् पानं तं जळूनच राह्यली! औंदा वांगं नाही धरलं, तं वाडीत कापसाची पऱ्हाटी लावतो मी."

रुख्मिणीचं तोंड उतरलं. ती न्हाणीपाशी येऊन बसली. धुण्याचं पाणी जिथे जायचं, तिथे वांग्याचं एक रोप आपोआप उगवलं होतं. त्याची पानं कडेपर्यंत हिरवीगार. तिने रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सासऱ्यांना हाक मारली.

"अवं माय! मामाजी, राखेतला झाडाले पोसणारा सारा खार तं पाण्यात चालला! वाडीत मी नुसता चोथा नेला!"

दुसऱ्या दिवसापासून तिने कोरडी राख नेली. भारी माती वरचा खार वरच धरून ठेवते, म्हणून तिने मुळांजवळ उकरून मूठमूठ राख मातीत मिसळली आणि पाणी दिलं. करपलेली पानं काही सुधारली नाहीत, पण नवी पानं स्वच्छ आली. दिवाळीआधी पुंजाजी स्वतः डोक्यावर वांग्याची टोपली घेऊन रिसोडच्या बाजाराला गेले. पऱ्हाटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

रुख्मिणीने माझं भोक चिंधी अन् शेणाने बुजवलं. आता मी गोठ्यात कोरडी राख सांभाळतो. पुंजाजींचं धोतर पिवळट दिसतं आणि माझं कौतुक करायला कोणी येत नाही.

मित्रांनो, चुलीतली राख पावसात टाकू नका, झाकून ठेवा. सगळे मला वाखाणत होते, त्याच दिवसांत मी वाडीच्या तोंडचा घास थेंब थेंब न्हाणीत सोडत होतो.