कवळीवाल्याच्या घरचे अक्रोड

त्याला सगळे कवळीवाला म्हणत आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं यायची. त्यांवरून हा प्लास्टरचे साचे ओतायचा आणि दात बसवायचा. साचा हातात घेतला की माणसाचं अर्धं घर कळतं, असा त्याचा दावा. कुणाची हिरडी झिजून सपाट झालेली दिसली की याचं तोंड सुटलंच म्हणून समजा. "वर्षानुवर्षं ढिली कवळी घालून बसलाय बिचारा. घरात कुणी बघणारं नाही का याला?" शेजारी पॉलिश करणाऱ्या मावशी मान डोलवायच्या.

रविवारी तो बाबांकडे जायचा, अक्रोडांची पुडी घेऊन. बाबांच्या हृदयाचं दुखणं निघाल्यापासून त्यानं अक्रोडांवर इतकं वाचलं होतं की जणू झाड यानंच लावलंय. सगळं उभ्याउभ्याच सांगायचा.

"हृदयाला चांगले, कोलेस्टेरॉलला चांगले, मेंदूला चांगले. रोज मूठभर खायचे, बाबा."

"चणे आहेत तर दात नाहीत," बाबा हसायचे. हसताना खालची कवळी हलायची, ती ते जिभेनं जागेवर लोटायचे.

"नवी करतो ना. सध्या जरा गर्दी आहे."

गर्दी कधी नव्हती? परक्यांची कामं वेळेवर जायची. बाबा काय, घरचेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

एका रविवारी पुडी ओतायला त्यानं बरणी उघडली आणि खवट वास आला. वरचे अक्रोड बाजूला सारले, तर खाली जुने, पिवळे पडलेले तसेच.

"खातो म्हणत होतात ना?"

"चोखतो रे. मऊ झाला तर गिळतो."

तो ओशाळला. त्याच आठवड्यात ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन बाबांचं माप घेतलं, साचा ओतून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला. परत आला तर मावशी तो साचा उजेडात धरून उभ्या.

"बघा हो, खाली हाड उरलंच नाही. घरात कुणी बघणारं नाही का याला?"

"माझे बाबा आहेत ते," तो म्हणाला.

मावशींनी साचा अलगद खाली ठेवला.

कवळी त्यानं जीव ओतून केली. पण पायाच खचल्यावर वरची भिंत कितीशी टिकणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? वेळेवर केली असती तर बाबांनी दातांनी दगड फोडले असते. हे त्याला रात्रंदिवस खात होतं.

बाबांनी आरशात पाहिलं, ऐटीत हसले. मग ताजा अक्रोड दातांखाली धरला. चावताच खालची कवळी उचलली गेली. पुन्हा चावला, पुन्हा तेच. त्यांनी अक्रोड हळूच तळहातावर काढला.

"झकास झालीय. फोटोला घालत जाईन."

तो स्वयंपाकघरात गेला, मिक्सरमध्ये अक्रोडांची पूड केली, दुधात कालवली आणि वाटी घेऊन आज पहिल्यांदा बाबांसमोर बसला. या वेळी बाबांनीच सुरू केलं.

"हृदयाला चांगले, कोलेस्टेरॉलला चांगले, मेंदूला चांगले. सगळं पाठ झालंय मला." त्यांनी एक चमचा तोंडात घातला. "चावायचे कशानं, तेवढं राहून गेलं बघ."